जोडीच्या नव्या गाण्यातली गॅप

माझ्या मुलीनं तिच्या मामाला कधी पाहिलेलं नाही. तिच्या लेखी मामा म्हणजे वरातीत वाजतो तो. नवरदेव घोडीवर बसला, बॉक्स दणाणायला लागले, की थोड्या वेळानं तो आवाज यायचाच, "आनली का वोऽऽ?" आणि नाचणारे सगळे हात वर करून ओरडायचे, "आनलीऽऽ!" लहान असताना ती विचारायची, "आई, काय आणली?" मी सांगायची, "शिदोरी." तिला ते पटायचं नाही. गोंदियातल्या हिंदी बोलणाऱ्या वऱ्हाड्यांनाही कधी कळलं नाही की नेमकं काय आणलंय, पण ओरडण्यात ते कुणाला हार जायचे नाहीत.

शिदोरीच होती ती. ती मीच न्यायची.

माझं माहेर आमगावच्या पलीकडे, गावतलावाच्या खाली. घरची धानाची, म्हणजे भाताची शेती. भाऊ माझ्याहून मोठा. तो सकाळीच बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात जायचा आणि मी दुपारी तलावाच्या पाळीवरून, त्या उंच बांधावरून, त्याची शिदोरी घेऊन निघायची. पेज, भेदऱ्याची म्हणजे टमाट्याची चटणी, एखादा कांदा. आई पेजेत मीठ घालायची नाही. ज्याला जेवढं लागेल तेवढं त्यानं वरून घ्यावं, हा आमच्या घरचा कायदा. त्यामुळे मिठाची पुडी वेगळी न्यावी लागायची आणि ती मी हमखास विसरायची. मी पाळीवर दिसले की भाऊ खालून हाक द्यायचा, "आनली का वोऽऽ?" तेव्हा कुठे मला आठवायचं. मी वरून ओरडायची, "आनली, पन मीठ भुललीऽऽ!" मग तो खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक वर करून हलवायचा. त्या टोकाला गाठ असायची आणि गाठीत मीठ. माझ्यावर त्याचा एवढा भरवसा होता.

जोडीचं नाव मी सांगत नाही. आमच्याकडे सांगावं लागतही नाही, जोडी म्हटलं की तीच. एक कीबोर्डवाला, एक पॅडवाला. त्यांच्या गाण्यांत गाणारं कुणी नसायचं, सगळा मशीनचा आवाज, आणि खाली असा बेस की घरातली भांडी मांडणीवरून सरकत पुढं यावीत. त्यांची एक रीत होती. दर अल्बमला ते कुठल्या तरी गावाचा आवाज घ्यायचे. एका वर्षी राइस मिलच्या पट्ट्याचा, एका वर्षी रेल्वे फाटकाच्या घंटीचा. तो आवाज कापून, ताणून, ठेक्यावर बसवायचे आणि गावाचं नाव मात्र कधी सांगायचे नाहीत. मग पानठेल्यावर महिनाभर भांडणं. फाटक कोणाचं? आमचं. तुमच्याकडे फाटक तरी आहे का बे?

ते दोघं आमच्याकडे आले ते खरं तर तलावातल्या पाखरांचा आवाज घ्यायला. दिवसभर मशीन धरून पाळीवर बसले, पण पाखरांनी काही दाद दिली नाही. तेवढ्यात मी शिदोरी घेऊन निघाले आणि खालून भाऊची हाक आली. पॅडवाला उठून उभाच राहिला. मग काय, मला रिकामा डबा घेऊन परत पाठवलं, पुन्हा यायला लावलं. असं तीनदा. भाऊ तीनदा ओरडला, मी तीनदा मीठ विसरले.

अल्बम आला तेव्हा आमच्या घरी कोणाचे पाय जमिनीवर नव्हते. गाणं लागलं. भाऊची हाक आली, अशी खणखणीत की अंगावर काटा आला. आणि माझं उत्तर? नव्हतंच. कापून टाकलं होतं. तिथं नुसती चार ठेक्यांची रिकामी जागा. कीबोर्डवाला पुढं भेटला तेव्हा म्हणाला, "ताई, तिथं पब्लिकला बोलू द्यायचं आहे." पब्लिक बोललं. मीठबिठ सोडून देऊन नुसतं 'आनली' म्हणायला लागलं. मला याचा राग आला होता आणि खरं सांगायचं तर अजून गेलेला नाही.

भाऊला मात्र तिथून वेड लागलं. मंडईचे दिवस आले की तो जोडीच्या गाडीवर. बॉक्स चढव, बॉक्स उतरव, वायरी ओढ. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, भाजीची नाही, नाचगाण्याची जत्रा. धान घरात येत असतं, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, आणि अशा ऐन कामाच्या दिवसांत हा घरी नाही. बाबांनी दोन वर्षं सोसलं. तिसऱ्या वर्षी तलावाच्या पाळीवर, चार माणसांसमोर, ते म्हणाले, "आपल्या घराण्यानं तलाव बांधले, अन् हा भोंगे बांधत हिंडते! भोंगेच पाहिजेत त तिकडंच राहजो. बलावल्याबिगर घरी येजो नोको."

भाऊ गेला. माझं लग्न झालेलं होतं, मुलगी पोटात होती आणि बाळंतपणासाठी मी माहेरी आले होते. सुरुवातीला त्याचे फोन यायचे, मला, बाबा शेतात असतील अशी वेळ साधून. मग नंबर बंद पडला. कुणाला तो सुरतेत दिसला, कुणाला हैदराबादला. त्याच सुमाराला जोडीही फुटली. का फुटली ते ठाऊक असलेली माणसं प्रत्येक चौकात भेटतात, प्रत्येकाचं कारण वेगळं. पुढं आई गेली तेव्हाही भाऊ आला नाही. त्याला कळलंच नसेल, असं मी धरून चालते.

आमच्या बायकांत ज्यांना भाऊ नसतो त्या भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. मला भाऊ आहे आणि मी चंद्राला ओवाळते. पहिल्या वर्षी शेजारणीनं विचारलं, "काऊन वो, तुले त भाऊ आहे ना?" मी म्हटलं, "आहे ना. वरातीत वाजते." ती हसली. मीही हसले, आणि आत जाऊन ताट ठेवताना रडले.

आता मी गोंदियाजवळ फुलचूरला राहते. घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाईचं दुकान आहे आणि बाबा माझ्याजवळ असतात. शेती ठेक्यानं दिली आहे. बाबा दुकानासमोरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना धानाचा भाव विचारतात, आणि भाऊचं नाव ते घेत नाहीत.

यंदा दसऱ्याच्या आसपास दुकानात एक पोरगी ब्लाउजचं माप द्यायला आली ती उड्या मारतच. "काकू, जोडी वापस आ रही है!" मी टेप तिच्या खांद्याला लावलेली तशीच धरून उभी राहिले. मग सगळीकडे तेच. ज्याच्या त्याच्या स्टेटसला तेच काळं चित्र, त्यावर दोन हात, एक कीबोर्डवर, एक पॅडवर. पन्नाशीला आलेली माणसं पोरांसारखी दिवस मोजायला लागली. आणि सगळ्यांचा एकच प्रश्न: हाक असणार का? जुनीच चिकटवणार की नवी?

लोकांना नाचायला हवी होती. मला वेगळंच हवं होतं. नवी हाक असेल तर भाऊ कुठेतरी आहे. जोडीला सापडला आहे. जुनीच असेल, तर नाही.

अल्बम दिवाळीच्या तोंडावर संध्याकाळी आला. मुलीनं दुकानातच फोन लहानशा स्पीकरला जोडला. पहिली चार गाणी गेली, मला त्यातलं एकही आठवत नाही. पाचव्याच्या मध्यावर बेस खाली उतरला आणि हाक आली.

"आनली का वोऽऽ?"

नवी होती. आवाज जाड झाला होता, शेवटी थोडा फाटत होता. त्यानंतर गॅप. जुनीसारखी चार ठेक्यांची नाही, चांगली लांबलचक. मुलीला वाटलं नेट गेलं, ती फोन उचलायला गेली. आणि तेवढ्यात तोच आवाज पुन्हा, या वेळी ओरडून नाही, जवळ बसलेल्या माणसाशी बोलावं तसा, "राहू दे वो, गाठीत हाय." मग बेस धाडकन सुरू.

मी मशीनवर डोकं टेकवलं. मुलगी घाबरली. बाकावरून बाबांचा आवाज आला, "आवाज बसला त्याचा. बिड्या पेते वाटते."

इतक्या वर्षांत भाऊविषयी त्यांनी काढलेला हा पहिला शब्द. गाणं संपलं तसे म्हणाले, "डबल लाव."

दुसऱ्या दिवसापासून जो गोंधळ सुरू झाला तो काय सांगू! मुलगी मला खालच्या कमेंटा वाचून दाखवायची. निम्मे लोक रडत होते, "भाई, बचपन याद आ गया." निम्मे चिडले होते. बेस कुठाय? जोडी म्हातारी झाली. हे मंडईत नाचायचं गाणं आहे की जेवून झोपायचं? आणि सगळ्यांचा मिळून राग त्या गॅपवर. "पाय उचलला की खाली ठेवू की नको?" "इतना लंबा गॅप काहे को, चाय पीने जाना है क्या?" एकानं लिहिलं होतं की आम्ही 'आनली' म्हणून मोकळे होतो, मग एकमेकांची तोंडं पाहत उभे राहतो. नव्या ओळीचा अर्थ लावणारे वेगळेच. गाठ म्हणजे लग्नाची गाठ, बिचाऱ्याचं प्रेम फसलं. छे, गाठ म्हणजे जोडीतल्या भांडणाची, ती आता सुटली. एक जण तर फोनसमोर बसून, गाणं ऐकता ऐकता डोळे पुसत, अर्धा तास त्या गाठीवर बोलला. शेवटी कुण्या हुशारानं गॅप कापून टाकली आणि 'गॅप कट' म्हणून ते गाणं फिरवायला सुरुवात केली. ते जास्त चाललं.

"आई, तूही लिही ना काहीतरी," मुलगी म्हणाली. खाली हजारो लोकांनी 'आनली' लिहिलं होतं. त्यात माझी एक आनली त्याला कशी दिसणार? मी लिहिलं, पुसलं, फोन ठेवून दिला.

मग मंडईच्या कार्यक्रमांसाठी जोडीचं पोस्टर लागलं, त्यावर फोन नंबर होता. मी लावला, स्पीकरवर टाकून. कीबोर्डवाल्यानंच उचलला. मी म्हटलं, "मी ती मीठ भुललेली." त्यानं मागं चाललेलं गाणं बंद केलं. मग म्हणाला, "ताई, अगं, किती वर्षं!"

भाऊ स्वतःहून आला होता त्यांच्याकडे. जोडी पुन्हा काहीतरी करते आहे हे त्याला कुठूनसं कळलं होतं. हाक दिली, जेवला, गेला. नंबर मागितला तर म्हणाला, मीच करीन. "मी म्हटलं त्याला, गाव जवळ आहे, घरी जाऊन ये. तर म्हणतो, बलावणं नाही."

"आणि ती गॅप?" मी विचारलं.

"ती त्याचीच अट. आम्ही चार ठेके सोडत होतो. तो ऐकेना. डोळे मिटून बसला, मांडीवर ताल धरला, ओठ हलवत होता नुसते. मग म्हणाला, एवढी जागा पाहिजे. कमी केली त माझी हाक काढून टाका. आम्हाला पण लांबच वाटली, ताई. पण त्याच्यापुढे काय बोलणार?"

फोन ठेवला आणि मी तिथल्या तिथं गाणं लावलं. भाऊची हाक आली. मी हळूच म्हटलं, "आनली, पन मीठ भुलली." माझं वाक्य संपलं आणि त्याचा आवाज आला, "राहू दे वो, गाठीत हाय." जराही मागं-पुढं नाही. अख्ख्या दुनियेनं ज्या जागेला नावं ठेवली ती त्यानं माझ्या मापानं शिवली होती.

बाबा दारात उभे होते. फोनवरचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. "बलावणं नाही म्हणते?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. ते परत बाकावर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी कुणालाच धानाचा भाव विचारला नाही.

माहेरच्या मंडईला यंदा जोडी येणार होती. बाबा गेली कित्येक वर्षं मंडईला गेले नव्हते. यंदा सकाळीच धुतलेलं धोतर नेसून, दुपट्टा खांद्यावर टाकून तयार. वाटेत ऑटोत त्यांनी नातीला विचारलं, "मंडईत सारे फोनात धरून ठेवतेत, ते त्याले दिसन का?"

"दिसेल ना, आजोबा. नेटवर टाकतात सगळे."

"कुठंही असला तरी?"

"कुठंही."

ते बाहेरच्या कापलेल्या बांध्या पाहत राहिले.

उन्हं कलताना जोडी उभी राहिली. दोघांचेही केस पिकलेले. गर्दी म्हणजे मुंगीला वाट नाही अशी, आणि जो तो फोन वर धरून. बाबांना मी पुढच्या बॉक्सजवळ नेलं. पोरं ओरडत होती, "गॅप कट बजाओ, गॅप कट!" पॅडवाल्यानं नाही म्हणून मान हलवली आणि अख्खं गाणं सुरू केलं.

"आनली का वोऽऽ?"

"आनलीऽऽ!" सगळी मंडई गरजली आणि मग गप्प झाली. उचललेले पाय तसेच राहिले, पोरं हसायला लागली. त्या शांततेत मी, चाळिशीची बाई, डोक्यावरचा पदर सावरत सगळ्या ताकदीनं ओरडले, "पन मीठ भुललीऽऽ!"

"राहू दे वो, गाठीत हाय."

शेजारची पोरगी माझ्याकडे वळून पाहत राहिली. तिच्या आधी तिच्या आईला समजलं, तिनं तोंडाला पदर लावला. मग एक जण ओरडला, दुसरा ओरडला, 'वन्स मोअर'चा कल्लोळ झाला. कीबोर्डवाल्यानं मला पाहिलं होतं. त्यानं गाणं मागे नेलं.

हाक पुन्हा आली. मंडई गरजली. मी ओरडणार होते, तेवढ्यात बाबांनी माझा दंड धरला. मी थांबले. बाबा मान वर करून त्या काळ्या बॉक्सकडे पाहत होते. त्यांचे ओठ हलले. घसा खाकरला. "घरी..." एवढं निघालं, श्वास घ्यायला थांबले, आणि "राहू दे वो, गाठीत हाय," असं बॉक्स म्हणाला आणि वरून बेस कोसळला. त्या दणक्यात बाबांचे ओठ अजून हलत होते. 'ये गा,' असं असावं. मलाच ऐकू आलं नाही.

आता तो व्हिडिओ सगळीकडे फिरतो आहे. खाली लोक लिहितात, अरे, मीठ होतं होय! गॅप कट वाजवणाऱ्यांना आता इतर लोक शिव्या देतात. मी त्याच्याखाली लिहिलं, 'बाबा घरी ये म्हणतात.' एकानं उत्तर दिलं, 'काकू, आम्ही पण येऊ का?' दुसरं उत्तर अजून आलेलं नाही. भाऊबीजेला या वर्षीही मी चंद्रालाच ओवाळलं होतं, पण ते मंडईच्या आधी होतं, ते मी धरत नाही.

बाबा रोज संध्याकाळी नातीकडून तो व्हिडिओ लावून घेतात. पहिल्यांदा माझा आवाज येतो, स्पष्ट. दुसऱ्यांदा त्यांचं तोंड उघडलेलं दिसतं आणि आवाज येत नाही. तिथं ते फोन जवळ धरून पाहतात, मग परत देतात. काल म्हणाले, "सारे म्हणतेत जागा लंबी झाली."

मी शिवता शिवता मशीन थांबवली.

"लहान सोडली वो त्यानं," बाबा म्हणाले. "मले पुरली नाही."